डेबियन १३ आलं! लगेच चढवायचं, की गणपती होऊ द्यायचे?

पेठेतला_पेंग्विन | १० ऑगस्ट २०२५, सकाळी ९:४०

मंडळी, काल राखी पौर्णिमेच्या मुहूर्तावर डेबियन या मोफत लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमची १३ वी आवृत्ती उर्फ 'ट्रिक्सी' बाहेर पडली. आधीचं बुकवर्म (डेबियन १२) १० जून २०२३ चं, म्हणजे दोन वर्षं दोन महिन्यांनी नवी आवृत्ती. एकूण ६९,८३० पॅकेजेस, त्यातली १४,१०० च्या वर नवीन, आणि ८,८४० च्या वर जुनी काढून टाकलेली. कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, ६.१२.

आता आमचा विषय. शिवाजी पेठेत आमच्या वाचनालयाच्या माडीवर एक संगणक खोली आहे. स्पर्धा परीक्षेची पोरं फॉर्म भरायला, मराठी टायपिंगला येतात. सगळीकडं बुकवर्म आहे, एकदोन डबडी ३२-बिटवर अजून तग धरून आहेत. कमिटी म्हणते, "चालतंय न्हवं? मग हात लावू नका." पोरं म्हणतात, नवीन टाका. तुम्ही काय कराल?

आणि दुसरं, जगभर डेबियनवाले रिलीज पार्टी करतात. कोल्हापुरात का नको?

सिड_भावा | १० ऑगस्ट, सकाळी ९:५२

विचारतोयस काय भावा? खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी! मी फ्रीज (रिलीजआधी बदल थांबवतात तो काळ) लागल्यापासनं ट्रिक्सीच वापरतोय. एकदापण बसलं नाही. विषय हार्ड.

उद्यमनगरकर | १० ऑगस्ट, सकाळी १०:३०

तुझा लॅपटॉप बसला तर तू चहा प्यायला जाशील. माझ्या शेडच्या ऑफिसात सर्व्हरवर हजेरी, गेटपास, मालाची चलनं, सगळं आहे. सोमवारी सकाळी तो उठला नाही तर कास्टिंगचा ट्रक दारात उभा राहतो आणि ड्रायव्हर माझ्या तोंडाकडं बघत बसतो.

माझा सरळ नियम आहे. पहिला पॉइंट रिलीज, म्हणजे साठलेल्या दुरुस्त्यांची १३.१ आल्याशिवाय कामाच्या मशीनला हात लावायचा नाही. बुकवर्मला सुरक्षा दुरुस्त्या जून २०२६ पर्यंत मिळणार, त्यापुढं एलटीएस (लांब मुदतीची देखभाल) जून २०२८ पर्यंत. घाई कुणाला आहे?

कमान_आर्चची | १० ऑगस्ट, सकाळी १०:४१

रिलीज? ते काय असतं? आम्ही आर्च लिनक्सवाले रोज सकाळी तोंड धुऊन अपडेट मारतो. :)

उद्यमनगरकर | १० ऑगस्ट, सकाळी १०:४४

आणि रोज संध्याकाळी इथं येऊन ग्राफिक्स कसं परत आणायचं ते विचारता. जुने धागे सगळ्यांना दिसतात हो.

शंकासुर | १० ऑगस्ट, दुपारी १२:१५

मला एक कळत नाही. दोन वर्षं लागतात कशाला? मोबाईलला दरवर्षी नवीन येतं. आणि तारीख विचारली की "तयार होईल तेव्हा". हे उत्तर मी माझ्या गिऱ्हाइकाला दिलं तर तो पुन्हा दुकानाची पायरी चढणार नाही.

करवीरचा_पुण्यात | १० ऑगस्ट, दुपारी ३:२०

शंकासुर, "तारीख नसते" हे अर्धंच खरं. मी डेबियनमधलं एक छोटंसं पॅकेज सांभाळतो, त्यामुळं हे आतून बघायला मिळतं. थोडं लांबेल, पण सांगतो.

रिलीजची तारीख शेवटपर्यंत कुणी ठामपणे सांगत नाही, पण फ्रीजच्या तारखा जाहीर असतात. या खेपेला १५ मार्चला पहिला टप्पा: कंपायलर आणि मोठ्या लायब्रऱ्यांच्या उड्या बंद. १५ एप्रिलला सॉफ्ट फ्रीज: नवीन पॅकेज आत येणार नाही, असलेल्यांत फक्त छोट्या, नेमक्या दुरुस्त्या. १७ मेला हार्ड फ्रीज: महत्त्वाची पॅकेजेस, आणि ज्यांना स्वतःच्या स्वयंचलित चाचण्या नाहीत ती, रिलीज टीमच्या नजरेखालून गेल्याशिवाय हलत नाहीत. २७ जुलैला पूर्ण फ्रीज. म्हणजे ९ ऑगस्टला जे बाहेर आलं त्याची दारं पाच महिने आधीपासून एकेक करून बंद होत होती.

हार्ड फ्रीजमध्ये दुरुस्ती घालायची म्हणजे काय, तर जुन्या-नव्यातला फरक ओळीनिशी जोडून 'अनब्लॉक' मागायचं. पलीकडं एक स्वयंसेवक बसलेला असतो, तो प्रत्येक ओळ वाचतो. मी दुरुस्तीबरोबर मॅन्युअलची भाषाही जरा साफ केली होती. उत्तर आलं: दुरुस्ती ठेवा, भाषा पुढच्या आवृत्तीला. एका ओळीची दुरुस्ती, तिच्यावर दोन पत्रं. राग येतो, पण बरोबर आहे. भाषा सुधारताना एखादी फाइल चुकून इकडची तिकडं झाली तर ती शोधायला वेळ कुणाकडं आहे?

आणि रिलीज अडवणारा बग पॅकेजवर पडला, कुणी बघितलं नाही, की काही आठवड्यांत ते टेस्टिंगमधून, म्हणजे पुढच्या आवृत्तीच्या तयारीच्या संचातून, आपोआप बाहेर. ज्यांच्यावाचून सिस्टीम उभीच राहणार नाही अशांना तेवढी सूट. त्यांचे बग सोडवल्याशिवाय रिलीजच होत नाही.

आमच्या गावाकडं गुऱ्हाळावर काहील कधी उतरवायची ते गुळव्या ठरवतो, ऊस घालणारा नाही. रिलीज टीम म्हणजे तो गुळव्या.

सिड_भावा | १० ऑगस्ट, दुपारी ३:३१

आणि आम्ही काहिलीपाशी वाटी घेऊन काकवी मागणारी पोरं. :D

मास्तरीण | १० ऑगस्ट, संध्याकाळी ६:०५

करवीरकर, झकास सांगितलंत. धाग्याला माझी एक भर.

उशिरावर हसणाऱ्यांनी २०२४ चा मार्च आठवावा. एक्सझेड नावाचं फायली दाबून लहान करायचं साधन, जवळपास प्रत्येक लिनक्सवर असतं. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कुणीतरी पद्धतशीर चोरदरवाजा घातला होता. त्यासाठी तो माणूस दोनेक वर्षं गोड बोलून प्रकल्पात शिरला होता. पकडलं आंद्रेस फ्रॉइंड यांनी. ते पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करतात. त्यांना एसएसएच (दूरच्या मशीनवर शिरायचं साधन) लॉगिन सुमारे अर्धा सेकंद जास्त घेतंय एवढंच दिसलं होतं! डेबियनच्या अनस्टेबल (सतत बदलणाऱ्या) आणि टेस्टिंगमध्ये ती आवृत्ती पोचली होती, स्टेबलमध्ये, म्हणजे सगळ्यांसाठी सोडलेल्या पक्क्या आवृत्तीत, नाही. डेबियनवर बेतलेल्या उबुंटूनं २४.०४ ची बीटा आठवडाभर पुढं ढकलली आणि सगळी पॅकेजेस नव्यानं बांधून घेतली.

मी कॉलेजात हे मुलांना शिकवतो. दरवेळी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, अर्धा सेकंद कुणाला कळतो?" ज्याला रोजचा वेग माहीत असतो त्यालाच कळतो.

शंकासुर | १० ऑगस्ट, संध्याकाळी ६:४०

मॅडम, चोर शिरला हे तुम्ही कौतुकानं सांगताय? दार उघडं ठेवलं म्हणूनच शिरला ना?

मास्तरीण | १० ऑगस्ट, संध्याकाळी ६:५८

दार उघडं होतं म्हणूनच फ्रॉइंडना आत जाऊन बघता आलं. बंद घरात काय चाललंय ते तुम्हाला कोण सांगतंय? पण तुमचं निम्मं म्हणणं मान्य. ते साधन एकच थकलेला माणूस फावल्या वेळात सांभाळत होता, आणि सगळं जग त्याच्यावर उभं होतं. हे काही भूषण नव्हे.

गंगावेशचा_कट्टा | ११ ऑगस्ट, सकाळी ७:१५

मूळ प्रश्न राहिला बाजूला. पार्टीत मेनू काय?

पेठेतला_पेंग्विन | ११ ऑगस्ट, सकाळी ७:३०

मिसळ. दुसरं काय?

करवीरचा_पुण्यात | ११ ऑगस्ट, सकाळी ८:०२

चालेल. पाव कोण आणणार?

गंगावेशचा_कट्टा | ११ ऑगस्ट, सकाळी ८:०३

पाव?? माणूस पुण्यात राहून कामातनं गेला. ब्रेड म्हण, ब्रेड.

उद्यमनगरकर | ११ ऑगस्ट, सकाळी ८:१०

ॲडमिन, या आयडीला टेस्टिंगमधून काढून टाका. रिलीज अडवणारा बग आहे.

अक्षरजुळारी | ११ ऑगस्ट, दुपारी १:४५

आमचं डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, आता मंडळांची वर्गणीची पुस्तकं. सगळा जुना माल नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये, डोंगलवर चालणारा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबरला संपणार म्हणतात. माझ्या मशीनला ११ चालत नाही. डेबियन टाकलं तर जुन्या फायली उघडतील का, हे कुणी नीट सांगेल? उगाच "सगळं होतंय" नको.

मास्तरीण | ११ ऑगस्ट, दुपारी २:३०

नीटच सांगतो. डोंगलचं सॉफ्टवेअर त्यावर चालेल असं धरून चालू नका. नवीन मजकूर युनिकोडमध्ये करायला अडचण नाही. लोहित देवनागरी आहे, आणखीही चांगले फॉन्ट आहेत, आयबस या टायपिंगच्या साधनात इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो. जुन्या फायलींचा मजकूर कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये येतो, पण जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासावे लागतात. मांडणी पुन्हा करावी लागते ती वेगळीच. गणपतीच्या तोंडावर हे करू नका. जुनं मशीन इंटरनेटपासून तोडून फक्त जुन्या फायलींना ठेवा, आणि दुसऱ्यावर सुरुवात करा.

अक्षरजुळारी | ११ ऑगस्ट, दुपारी २:४१

हे पटलं. धन्यवाद मॅडम.

करवीरचा_पुण्यात | ११ ऑगस्ट, रात्री ९:५०

(ब्रेड. ब्रेड. ब्रेड. झालं समाधान?)

पेंग्विनराव, तुमच्या ३२-बिट डबड्यांबद्दल. ट्रिक्सीत त्या जातीला ना इन्स्टॉलर आहे ना कर्नल. जुनं ३२-बिट सॉफ्टवेअर ६४-बिट मशीनवर चालावं एवढ्यासाठी थोडं ठेवलंय. रिलीज नोट्समध्ये स्पष्ट लिहिलंय: अशा सिस्टीमवर अपग्रेड करू नका, जमत असेल तर ६४-बिट नव्यानं टाका, नाहीतर मशीनला निवृत्ती द्या. पण आधी 'एलएससीपीयू' ही आज्ञा चालवून बघा. बरेचदा प्रोसेसर ६४-बिटचा असतो आणि कुणीतरी पूर्वी ३२-बिट टाकून ठेवलेलं असतं.

दुसरं, वेळेचा आकडा. ३२-बिट सिस्टीममधलं जुनं घड्याळ १९ जानेवारी २०३८ ला भरतं. ते टाळायला आय-३८६ (तुमच्या डबड्यांची हीच ३२-बिट जात) सोडून बाकी सगळीकडं वेळ ६४-बिटात नेलाय. त्यापायी ढीगभर लायब्रऱ्या नव्यानं बांधाव्या लागल्या. दोन वर्षं कुठं गेली विचारत होता ना शंकासुर, त्यातली बरीच अशी गेली.

कमान_आर्चची | ११ ऑगस्ट, रात्री १०:०४

भारतीय वेळेनुसार सकाळी ८:४४. मंगळवार. कॅलेंडरात खूण केली, त्या दिवशी रजा.

शंकासुर | १२ ऑगस्ट, सकाळी ११:२०

बरं, वेळ का लागतो ते मान्य. पण काही बिघडलं तर फोन कुणाला लावायचा? कंपनी असली की निदान शिव्या द्यायला माणूस तरी असतो.

उद्यमनगरकर | १२ ऑगस्ट, सकाळी ११:४५

मी पैसे भरून घेतलेल्या एका सॉफ्टवेअरच्या हेल्पलाइनला फोन लावला होता. "आपका कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है" ऐकत एक हीट ओतून झाली. इथं बग नोंदवला तर निदान नंबर मिळतो आणि उत्तर सगळ्या जगासमोर येतं. आणि ज्याला फोनच पाहिजे, त्यानं पैसे देऊन माणूस धरावा. डेबियन त्याला नाही म्हणत नाही.

सिड_भावा | १२ ऑगस्ट, दुपारी १२:१०

नाव ट्रिक्सी का पण? एकदम कुत्र्याचं वाटतंय.

मास्तरीण | १२ ऑगस्ट, दुपारी १२:३०

एका ॲनिमेशनपटातल्या खेळण्यांची नावं असतात ती. ट्रिक्सी ही निळी डायनासोर. आणि बाळा, सिड हा त्यातला खेळणी मोडणारा पोरगा, म्हणून अनस्टेबलचं नाव कायमचं तेच. आयडी विचार करून घेतलायस ना?

सिड_भावा | १२ ऑगस्ट, दुपारी १२:३३

मॅडमनी जाळ अन् धूर संगटच काढला.

मास्तरीण | १२ ऑगस्ट, रात्री ८:१५

आता जरा रागानं लिहितो. चढवायचं कधी, यावर सगळे बोलले. पण खरी वेळ मार्च ते जुलै होती. तेव्हा या फोरमवर ट्रिक्सीचा एक धागा नव्हता. इन्स्टॉलरच्या चाचणी आवृत्त्या येत होत्या. आपल्यातल्या कितीजणांनी आपला प्रिंटर, आपला स्कॅनर, आपला मराठी कीबोर्ड लावून बघितला? रिलीजच्या दिवशीसुद्धा आर्काइव्हमधली नावं पालटली, टेस्टिंगचं स्टेबल झालं, की इन्स्टॉलरच्या प्रतिमा (उतरवून घ्यायच्या फायली) बांधायला कित्येक तास लागतात, आणि जगभरची माणसं प्रत्येक प्रकार स्वतःच्या मशीनवर टाकून निकाल कळवत असतात. काल-परवा आपण इथं आयतं उतरवून घेतलं.

पार्टी करा, मी येतो. पण फ्रीजमध्ये सापडलेला बग रिलीजच्या आधी सुटतो, नंतर सापडलेला पॉइंट रिलीजच्या रांगेत थांबतो. वाचनालयातल्या पोरांपैकी दोघांनी जरी पुढच्या खेपेला हे केलं तर मला आनंद आहे.

उद्यमनगरकर | १२ ऑगस्ट, रात्री ८:४०

मॅडम, बोलणं लागलं, पण माझ्यासारख्याला हे जमणार नाही. शेडमध्ये चाचणीला मोकळं मशीन नसतं आणि मला वेळ नसतो. मी वापरतो, वर्षाकाठी थोडे पैसे पाठवतो. प्रत्येकानं बग नोंदवलाच पाहिजे, हे काही मला मान्य नाही.

मास्तरीण | १२ ऑगस्ट, रात्री ८:५२

पैसे पाठवता ना? मग तुम्हाला सूट.

गंगावेशचा_कट्टा | १८ ऑगस्ट, सकाळी १०:०५

आज हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं मंडळी! कोल्हापूरकरांनी त्याच्यासाठी किती दशकं काढली. दोन वर्षांत येणाऱ्या रिलीजला उशीर म्हणणाऱ्यांनी आज तरी गप्प बसावं.

शंकासुर | १८ ऑगस्ट, सकाळी १०:२०

गप्प. :)

पेठेतला_पेंग्विन | २३ ऑगस्ट, रात्री ९:३०

प्रगती सांगतो. एका मशीनवर चढवून बघितलं. आधी बुकवर्म पूर्ण अद्ययावत केलं, बाहेरच्या रेपॉझिटऱ्या (पॅकेजचे साठे) बंद, मग सोर्सच्या यादीत बुकवर्मच्या जागी ट्रिक्सी, आधी साधं अपग्रेड, मग फुल-अपग्रेड. ते मशीन सुरळीत गेलं.

दुसऱ्यावर मात्र मधेच 'जागा नाही' म्हणून अडलं. डिस्क मोकळी होती, भरलं होतं बूटचं पार्टिशन. मशीन पूर्वी ज्यानं लावून दिलं त्यानं तिथं जेमतेम जागा सोडलेली. नवे कर्नल आणि फर्मवेअर अंगानं वाढलेत. रिलीज नोट्स म्हणतात, बूट ७६८ एमबीचं असावं आणि ३०० च्या आसपास रिकामं. जुने कर्नल काढून गाडी पुढं गेली, पण ते मशीन आता नव्यानंच मांडणार.

३२-बिटपैकी एक निघालं ६४-बिट प्रोसेसरचं! करवीरकर, मिसळ तुमच्याकडून नाही, तुम्हाला. दुसरं खरोखरच संपलं.

करवीरचा_पुण्यात | २३ ऑगस्ट, रात्री १०:१०

आणखी एक बघा. ट्रिक्सीत तात्पुरत्या फायलींचा फोल्डर, म्हणजे टीएमपी, आता रॅममध्ये असतो, निम्म्या रॅमपर्यंत जातो. पोरं मोठमोठे पीडीएफ तिथं टाकत असतील तर ४ जीबीच्या मशीनला धाप लागेल, आणि मशीन बंद केलं की ते गेलं. नको असेल तर 'टीएमपी.माउंट' मास्क करून रीबूट करा, फोल्डर पुन्हा डिस्कवर येतो. ज्या सर्व्हरवर जुनं पीएचपी (वेबसाइटची प्रोग्रामिंग भाषा) आहे त्यांनीही जपून: बुकवर्ममधलं ८.२ जाऊन ८.४ येतं. आणि ११ वरून थेट १३ वर उडी नाही, मधे १२ वर टेकावंच लागतं.

उद्यमनगरकर | ७ सप्टेंबर, सकाळी ११:१५

१३.१ काल आलं. नेमकं अनंत चतुर्दशीला! राखी पौर्णिमेला रिलीज, विसर्जनाला पॉइंट रिलीज. यांच्याकडं कुणीतरी पंचांग बघणारा आहे. मिरवणुकीचा आवाज कानात आहे तोवर सर्व्हरला हात लावत नाही. पण बॅकअप काढला, आणि या महिन्यात एका रविवारी शेड बंद ठेवून करून टाकतो.

पेठेतला_पेंग्विन | ७ सप्टेंबर, दुपारी ४:००

आमच्या कमिटीनंही होकार दिला. पुढच्या रविवारी, १४ तारखेला, उरलेली सगळी मशीनं एकदम. सकाळी दहापासून वाचनालयात या. एका मशीनवर सगळी पॅकेजेस उतरवून ठेवलीत, म्हणजे प्रत्येकाला इंटरनेट ओढायला नको. हीच पार्टी.

सिड_भावा | ९ सप्टेंबर, रात्री ११:२०

मॅडम, जुना यूएसबी वायफाय डोंगल मशीन झोपून उठलं की गायब होतोय. १३.१ वर पण. रिपोर्टबग चालवलं, बग नोंदवला. आता कर्नलवाले विचारतायत, अनस्टेबलमधल्या कर्नलवर पण असंच होतंय का. काय करू?

मास्तरीण | १० सप्टेंबर, सकाळी ६:५०

मग बघून सांग की त्यांना. झोपायच्या आधीचा आणि उठल्यानंतरचा डीमेसेज (कर्नलच्या नोंदी) दोन्ही जोड. "चालत नाही" एवढंच लिहू नकोस.

सिड_भावा | १० सप्टेंबर, सकाळी ९:०५

जोडला. आणि पुढची आवृत्ती, फोर्की, सुरू झालीय म्हणे. १४ तारखेला लॅबच्या एका मशीनवर टाकून ठेवू काय?

पेठेतला_पेंग्विन | १० सप्टेंबर, सकाळी ९:०६

लॅबच्या नको. तुझ्या टाक.